दोन ठोके उपासाचे

सौसरच्या बाजाररस्त्यावर मोरेश्वरच्या हॉटेलाला पाटी नव्हती. पाटीचं काम कढई करायची. सकाळी छोटी गाडी स्टेशनात शिरायच्या आत आलुबोंड्यांचा पहिला घाणा उतरायचा, आणि त्याचा वास गाडीतून उतरणाऱ्या माणसाचं बोट धरून त्याला थेट बाकड्यावर आणून बसवायचा. बोरगावचे संत्रेवाले, कापसाची बैलबंडी घेऊन आलेले शेतकरी, तहसीलीत तारखेला आलेली माणसं, शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला निघालेली भाविक मंडळी, सगळी इथं टेकायची. बोंडा तोंडात गेला की म्हणायची, "मोरेश्वरच्या हाताले चव आहे बा!"

खरं सांगायचं तर मोरेश्वरच्या हातात नुसती बशी असायची. चव होती त्याच्या बायकोच्या, उषाबाईंच्या हाताला, आणि त्या बारदान्याच्या पडद्यामागं चुलीपाशी बसलेल्या असायच्या.

उषाबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा हॉटेल सासऱ्यांचं होतं. यशवंतराव मोठे देवभोळे आणि मायाळू. सुनेला लेकीसारखं वागवायचे, पण एक नियम त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवला.

"हॉटेलात चार गावची मानसं येतेत, बाई. घरच्या सुनेचा आवाज त्यांच्या कानी कायले पडू द्यायचा? तू बोलू नको. घाणा निघाला की बशी खिडकीत ठेव अन् कढईच्या काठावर झारा वाजव. एक ठोका साधा. दोन ठोके उपासाचे."

उपासाचे म्हणजे उपासाचे बोंडे. ही या हॉटेलची खरी ओळख. शनिवारी उषाबाई आंघोळ करून, धुतलेलं नेसून दुसरी कढई चढवायच्या. तिचं तेल वेगळं, झारा वेगळा. बटाट्यात नुसतं जिरं, मिरची, सैंधव मीठ. वरून बेसनाऐवजी शिंगाड्याचं पीठ. तळून निघाला की दिसायला साध्या बोंड्यासारखाच, जरासा काळपट एवढंच. पहिला बोंडा मारुतीच्या तसबिरीपुढं ठेवायचा, मग माणसांचा घाणा. जामसांवलीला जाणारी माणसं सौसरात दुसरीकडे पाणीसुद्धा प्यायची नाहीत. "मोरेश्वरच्या इथं उपासाले धक्का लागत नाही," असं म्हणायची.

सासरे गेले, त्यांची तसबीर मारुतीच्या शेजारी लागली, तरी पडदा तसाच राहिला आणि ठोकेही. उषाबाईंना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पडद्यामागं त्यांचा स्वतःचा एक बाजार भरलेला असायचा, नुसत्या आवाजांचा. खोकला ऐकला की कळायचं, अमका आला. चप्पल घासत आली की तमका. कुणाला चहा कडक, कुणाला मिरची सोसत नाही, कुणाच्या घरी भांडण झालं म्हणून तो सकाळीच हॉटेलात, सगळं त्यांना आवाजावरून उमगायचं. चेहरा मात्र एकाचाही पाहिलेला नाही. ज्याचा जसा आवाज, तसा त्याला त्यांनी मनात चेहरा देऊन टाकलेला.

त्यातला दत्तात्रय मास्तरांचा आवाज त्यांना सगळ्यात आवडायचा. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर दर शनिवारी यायचे. "मोरेश्वर, एक उपासाचा!" म्हणाले की विहिरीत घागर बुडाल्यासारखा आवाज घुमायचा. उषाबाईंनी ठरवून टाकलं होतं, मास्तर म्हणजे उंचेपुरे, झुपकेदार मिशांचे, एखाद्या पहिलवानासारखे. मास्तरांना मधूनमधून ढास लागायची, म्हणून त्यांच्या बोंड्यात त्या मिरची हात राखून घालायच्या. हे मास्तरांना माहीत नव्हतं, मोरेश्वरलाही नाही. मारुतीला माहीत असेल.

असं चाललेलं असताना रस्ता बदलायला लागला.

आधी टेलरच्या दुकानात रेडिमेडच्या कपड्यांचे हँगर लटकले. मग समोरच्या बारदान्याच्या गोदामाच्या जागी नागपूरहून आलेल्या श्रीकांतनं रेस्टॉरंट उघडलं. सनमायकाची टेबलं, छापील मेनू, आणि काचेचं दार. काच इतकी स्वच्छ की पहिल्या पहिल्यांदा बरीच मंडळी कपाळावर टेंगूळ घेऊनच आत गेली. आतल्या बाजूला फॅमिली केबिन. शेजारची स्मिता नवऱ्यासोबत तिथं जाऊन आली आणि मागच्या दारानं उषाबाईंकडे सांगायला धावली.

"काकू, पडद्याच्या आत बसून डोसा खाल्ला मी! बाहेरच्याले आपन दिसतच नाही."

"पडद्याच्या आत?" उषाबाई बटाटे सोलता सोलता म्हणाल्या. "मंग त्यात नवीन काय हाय वं? मी तर लग्न झालं तवापासून बसून राहिली."

स्मिता हसून हसून बेजार झाली.

श्रीकांतच्या डोशाचं मोरेश्वरला फारसं भय नव्हतं. "डोसा खाऊन पोट भरते का? तो तर कागदासारखा असते," म्हणायचा. खरी पंचाईत झाली ती गजाननमुळे. गजानन हा रस्त्यावरचाच पोरगेला जवान. त्यानं हॉटेलाला अगदी लागून असलेल्या खोपटात कॅसेटचं दुकान टाकलं आणि दोन मोठे भोंगे बाहेर काढून ठेवले. त्यातला एक नेमका हॉटेलाच्या तोंडावर. दिवसभर सिनेमाची गाणी, आणि शनिवारी, गजाननही भाविकच म्हणून, मारुतीची भजनं. ढोलकी अशी वाजायची की बाकड्यावरच्या बशा थरथरायच्या.

आवाजांचा तो पडद्यामागचा बाजार एका दिवसात उठला. कोण खोकलं, कोण हसलं, काही कळेना. उषाबाईंचा ठोका मोरेश्वरला ऐकू जाईना. बोंडे खिडकीत पडून निवायचे. मोरेश्वर येऊन डाफरायचा, "वाजवलं काहून नाही?" त्या म्हणायच्या, "वाजवलं ना!" दोघंही खरंच बोलत असायचे.

आणि मग श्रावणातल्या एका शनिवारी ते झालं.

हॉटेल भरलेलं. जामसांवलीची बस यायची होती. दोन्ही कढया तापलेल्या. मोरेश्वरनं आत तोंड घालून ओरडून सांगितलं, "एक साधा! एक उपासाचा!" साधा आधी निघाला. उषाबाईंनी बशी खिडकीत ठेवली आणि काठावर झारा वाजवला. एकदा.

त्याच क्षणी बाहेर ढोलकीची थाप पडली.

मोरेश्वरनं बशी उचलली आणि दत्तात्रय मास्तरांपुढं नेऊन ठेवली. दोन ठोके ऐकले होते त्यानं. मास्तरांनी हात जोडले, घास मोडला, तोंडात घातला आणि थांबले.

"मोरेश्वर," ते म्हणाले. कॅसेटची बाजू नेमकी तेव्हाच संपली होती, म्हणून तो आवाज सगळ्या हॉटेलात घुमला. "याच्यात कांदा हाय गा."

पडद्यामागं उषाबाईंच्या हातातला झारा तसाच राहिला. मास्तर ओरडले नाहीत. उठले, नळावर जाऊन चूळ भरली आणि बाहेर पडले. त्यांच्यामागून आणखी कुणी कुणी उठलं. आपल्याही बशीत काय असेल, याची खात्री कुणाला राहिली नव्हती.

मोरेश्वर आत आला. "किती वाजवले होते?"

"एक."

"मले तर दोन आयकू आले."

बाहेर गजाननानं कॅसेट उलटी करून लावली. ढोलकी सुरू झाली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. काय झालं ते सांगायची गरज उरली नाही. मारुतीच्याच भजनानं मारुतीच्याच भक्ताचा उपास मोडला होता.

गाव लहान. "मोरेश्वरच्या हॉटेलात उपास मोडते," ही गोष्ट बसपेक्षा आधी जामसांवलीला पोहोचली. पुढच्या शनिवारी उपासाचा बोंडा कुणी मागितला नाही. समोर श्रीकांतनं काचेवर चिठ्ठी डकवली, 'शनिवारी फराळी डोसा मिळेल'. उषाबाईंनी दुसरी कढई घासून पुसून खुंटीला पालथी टांगली. साध्या बोंड्यांनाही उतार लागला. एकदा माणसाची पावलं दुसऱ्या दाराला लागली की ती परत वळवणं कठीण.

अशात गजानन आला. पोरगा वाईट नव्हता, आपल्या भोंग्यानं काय केलं याची त्याला कल्पनाही नव्हती.

"काकाजी, आता तुमाले दगदग होऊन राहिली. हे दुकान मले द्या किरायानं. मी त्या खोपटात गुदमरून राहिलो. दसऱ्याले मुहूर्त करतो."

मोरेश्वर लगेच हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. संध्याकाळी त्यानं बायकोला सांगितलं. चांगल्या मनानंच सांगितलं.

"आपन घरी बसू आरामात. तुलेही या धुरातून सुटका. काय?"

"हाव," उषाबाई म्हणाल्या.

पण सुटका हा शब्द त्यांच्या घशाखाली उतरेना. चुलीच्या धुरानं डोळे लाल व्हायचे, उन्हाळ्यात पाठ भिजून जायची, हे खरंच. तरी या कढईपलीकडं आपलं असं दुसरं काय आहे, हे शोधायला गेल्या तर हाताला काही लागेना. घरी बसून दोघांपुरती भाजी फोडणीला टाकायची, आणि ती कुणाच्या खोकल्याला सोसते की नाही याचा विचारही करायचा नाही. मग हे हात देवानं एवढे शिकवून ठेवले कशाला?

दुसरी कढई चढत नव्हती, म्हणून शनिवारी दुपार मोकळी होती. उषाबाईंनी स्मिताला हाक मारली आणि दोघी बसनं जामसांवलीला गेल्या.

जामसांवलीचा मारुती इतर ठिकाणांसारखा उभा नाही, पिंपळाखाली निजलेला आहे. उषाबाईंची आई बोरगावहून त्यांना कडेवर घेऊन यायची तेव्हा सांगायची, "देव निजून हाय, पन त्याचे कान जागे हायेत." उषाबाई हात जोडून उभ्या राहिल्या. मनातलं सांगावं म्हटलं तर ओठ उघडेनात. इतकी वर्षं जे सांगायचं ते झाऱ्यानं सांगितलेलं. शेजारी एक खेड्यातली म्हातारी मात्र मोकळ्या गळ्यानं देवाशी भांडत होती. "मारुतीराया, माही म्हैस दूध देऊन नाही राहिली! तू झोपून राहशीन त कसं जमन?" आजूबाजूची माणसं हसली. म्हातारीला त्याचं काही नव्हतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "बाई, जरा सरकता काय?"

विहिरीत बुडालेली घागर! उषाबाई गर्रकन वळल्या. पहिलवान कुठं दिसेना. मागं उभा होता तो त्यांच्या खांद्याइतक्या उंचीचा, काडीसारखा, टोपीखाली अर्धा झाकलेला एक म्हातारा. मिशा नावालाही नाहीत.

"मास्तर?" त्यांच्या तोंडून निघून गेलं. "दत्तात्रय मास्तर?"

"हो. तुमी कोन?"

उषाबाईंना आपली ओळख कशी द्यावी कळेना. शेवटी म्हणाल्या, "मी बोंडेवाली. मोरेश्वरच्या... म्हनजे घरातली. तुमचा उपास मोडला तो बोंडा माह्या हातचा होता."

मास्तरांनी टोपी मागं सारली. "अवं, मले तर वाटे, आत एखादा म्हातारा आचारी असन. मिशावाला."

"अन् मले वाटे, तुमी मिशावाले असान!"

स्मितानं तोंडात पदर कोंबला. मास्तर देवासमोरच इतके हसले की ढास लागली. उषाबाईंनी कुणाच्या तरी तांब्यातलं पाणी मागून त्यांना दिलं.

"तुमाले ढास लागते म्हून तुमच्या बोंड्यात मिरची कमी घालत होती मी," त्या म्हणाल्या. मग ठोक्यांची, ढोलकीची सगळी हकीकत सांगून टाकली. परक्या पुरुषाशी इतकं त्या आयुष्यात बोलल्या नव्हत्या.

मास्तर गंभीर झाले. "मी रागावलो नाही, बाई. उपासाचं काय, देव समजून घेते. पन मनात भ्याव बसलं. आत कोन हाय, काय तळून राहिलं, दिसत नाही न् आयकू येत नाही. नुसत्या टन्‌टन्‌वर इस्वास कसा ठेवाव? तुमी तोंडानं सांगा, 'हा उपासाचा.' मी डोळे मिटून खाईन."

"तोंडानं? हॉटेलात?"

"मंग काय पत्र टाकाल?" म्हणाले आणि देवापुढं वाकले.

पुढच्या शनिवारी पहाटे उषाबाईंनी खुंटीवरची कढई उतरवली. मोरेश्वर म्हणाला, "कायले? आज गजानन माप घ्याले येऊन राहिला." उषाबाईंनी कढई चुलीवर ठेवली. शिंगाड्याचं पीठ भिजवलं. पहिला बोंडा मारुतीपुढं ठेवला आणि शेजारच्या तसबिरीलाही नमस्कार केला. "मामंजी," त्या हळूच म्हणाल्या, "तुमचा नियम मोडून राहिली. उपास मोडन्यापक्षा नियम मोडलेला बरा."

मास्तर आले. एकटेच नाही, बसला निघालेली आणखी मंडळी घेऊन आले. बाकड्यावर बसले आणि पडद्याकडे कान लावून राहिले. गजानन मापाची फीत घेऊन दारात उभा. त्याच्या दुकानातली ढोलकी जोरात. आत उषाबाईंच्या हातात बशी. झारा त्यांनी सवयीनं उचललाही होता.

तो खाली ठेवला.

"हा उपासाचा!" आवाज फाटलेला निघाला. त्यांनी घसा साफ केला आणि परत, आता बोरगावच्या मळ्यात बापाला न्याहारीसाठी हाक मारायच्या तशी, "हा उपासाचा! शिंगाड्याचा! कांदा नाही!"

गजाननानं धावत जाऊन टेप बंद केला, काय झालं ते ऐकायला. बोरगावचा एक संत्रेवाला म्हणाला, "मोरेश्वर, तुह्या हॉटेलात बाई हाय काय गा?"

मोरेश्वर खिडकीपाशी बशी धरून उभा होता. क्षणभर तसबिरीकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"हाय ना," तो म्हणाला. "लग्न झालं तवापासून हाय."

हसण्याचा असा गडगडाट झाला की समोर काचेच्या दारातून श्रीकांत बाहेर डोकावला. मास्तरांनी बोंडा हातात घेतला, खरोखरच डोळे मिटले आणि खाल्ला. मग बोटं चाटत पडद्याच्या दिशेनं म्हणाले, "मिरची थोडीशीक चालते आता. आनखी एक द्या."

गजाननाला माप घ्यायचं सुचलंच नाही. तो दारातून आत आला तो पडद्यापर्यंत आला. "काकू, मले काय मालूम... तुमी सांगाचं होतं!"

"सांगतच होती बाबू. तू आयकू कुठी देत होता?"

दुकान गेलं नाही, पण मोरेश्वर शब्दाला जागणारा माणूस. नाही म्हणालो नव्हतो म्हणजे अर्धा शब्द दिलाच होता, असं तो धरून बसला. म्हणून दसऱ्याला हॉटेलाची एक बाजू गजाननाच्या कॅसेटसाठी गेली, मध्ये भिंत आली. बाकडी मागं सरकली आणि कढया ठेवायला जागा उरली ती पुढं, रस्त्याच्या तोंडाशी. बारदान्याचा पडदा काढला तो परत लागला नाही. बटाट्याच्या पोत्यावर घालायला बरा पडला.

आता उषाबाई रस्त्याकडं तोंड करून बसतात. सुरुवातीला आवाज आणि चेहरे जुळवता जुळवता त्यांची त्रेधा उडाली. ज्याला तरुण समजत होत्या तो नातवंडांचा आजा निघाला, ज्याला भांडकुदळ समजत होत्या त्याचा चेहरा लेकरासारखा. आणि बायका यायला लागल्या. आधी स्मिता आली, मग तिची नणंद, मग जामसांवलीहून परतणाऱ्या. कढईच्या उबेला बाकडं ओढून बसतात, बोलता बोलता बटाटेही सोलून देतात. श्रीकांतची केबिन तिकडं आहेच, पण पडद्याआड गप्पा तितक्या रंगत नाहीत म्हणतात. श्रीकांतही दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की इकडे चहाला येतो. त्याला चहा कडक लागतो, हे त्यानं तोंड उघडायच्या आधीच उषाबाईंना कळलं होतं.

गजाननानं भोंग्याचं तोंड दुसरीकडं फिरवलं. तरी भजनाचा दिवस, ढोलकी काही अगदीच गप्प बसत नाही. आणि उषाबाईंचा हातही जुन्या वळणाचा. बशी पुढं केली की तोंडानं तर सांगतातच, पण झाराही काठावर वाजतोच. परवाच्या शनिवारी त्यांनी साधा बोंडा काढला, सवयीनं एक ठोका दिला, आणि तोंडानं सांगायच्या आतच भिंतीपलीकडून धाडकन थाप पडली. मोरेश्वरचा हात बशीसकट मास्तरांच्या दिशेनं निघालासुद्धा.

"अहो, थांबा!" उषाबाई भर रस्त्याला ऐकू जाईल अशा ओरडल्या. "दुसरा माहा नव्हे, तो ढोलकीचा हाय!"